हळदीच्या फोटोत त्वचेचा रंग कसा राखायचा: पोर्ट्रेटमधलं सिलेक्टिव्ह कलर एडिटिंग, पायरीपायरीने

हळदीच्या कार्यक्रमात नवरीचा जवळून घेतलेला फोटो संगणकावर उघडला की पंचाईत लगेच दिसते. गालांवर हळद, डोक्यावर पिवळ्या कापडाचा मांडव, मागे झेंडूच्या माळा, साडीला जरीचे काठ, हातांवर मेंदी. सगळे रंग एकमेकांचे भाऊबंद. चेहरा पिवळा पडलाय म्हणून यलोचा स्लायडर (पिवळा कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला, तर चेहऱ्याबरोबर हळद फिकी होते, जरीची चमक जाते आणि झेंडू मलूल दिसायला लागतो.

सिलेक्टिव्ह कलर एडिटिंग म्हणजे पूर्ण फोटो न हलवता एखादाच रंग, आणि तोही हव्या त्याच जागी, बदलणं. पोर्ट्रेटमध्ये त्याचं पहिलं काम त्वचेचा खरा रंग राखणं हे आहे, असं मी मानतो. फोटो आकर्षक करणं त्यानंतर येतं. म्हणून इथे सांगितलेली सगळी पद्धत एकाच दिशेने जाते: त्वचेला शक्य तितका कमी हात लावायचा आणि तिच्या शेजारचे रंग आवरायचे. उदाहरण हळदीचं घेतलंय, कारण पोर्ट्रेटमधली रंगाची जवळजवळ प्रत्येक अडचण तिथे एकत्र भेटते. मुख्य साधनं लाइटरूम आणि फोटोशॉप, दोन्ही फोटो एडिट करायची सॉफ्टवेअर. फुकट सॉफ्टवेअर आणि मोबाइलबद्दल पुढे लिहिलंय.

फोटो काढतानाच घ्यायची काळजी

दुपारी पिवळ्या मांडवाखाली बसलेल्या माणसावर वरून येणारा प्रकाश कापडातून गाळून येतो. तो कपाळावर, नाकावर आणि खांद्यांवर पडतो. हनुवटीखाली मात्र साडीचा रंग खालून परततो. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा प्रकाश असला की कुठल्याही एका व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगाच्या जुळणीने) तो चेहरा पूर्ण सुटत नाही. त्यामुळे निवांत पोर्ट्रेट घ्यायचं असेल तेव्हा नवरीला पाच मिनिटं मांडवाच्या कडेला बसवा, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून. घरची मंडळी याला कधी नाही म्हणत नाहीत, फक्त वेळेत सांगावं लागतं.

फोटो रॉमध्येच घ्या, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेली माहिती प्रक्रिया न करता ठेवणाऱ्या फाइलमध्ये. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवा, निळा) २५६ पातळ्या मिळतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. गालावरच्या उजेडाकडून सावलीकडे जाणाऱ्या मऊ उताराचा रंग आपण जेव्हा थोडा सरकवतो, तेव्हा जेपेगमध्ये तिथे पट्टे उमटतात. रॉमध्ये सहसा नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. फ्रेममध्ये पिवळं जास्त आलं की कॅमेरा ते पिवळेपण खोडायला जातो आणि चेहरा निळसर पडतो. पुढच्याच फ्रेममध्ये मागे हिरवी झाडं आली की त्याचा हिशेब पुन्हा बदलतो. केल्विनचा (प्रकाशाच्या उबदारपणाच्या मापाचा) एक आकडा ठरवा, प्रकाश बदलेल तेव्हाच तो बदला, आणि प्रत्येक नव्या प्रकाशात ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) हातात धरून एक फ्रेम काढून ठेवा.

संगीताच्या रात्रीचे निळे-जांभळे एलईडी हा वेगळा प्रकार आहे. असा प्रकाश जवळजवळ एकाच रंगाचा असतो. चेहऱ्यावर फक्त तोच पडला असेल तर त्वचेच्या लाल आणि हिरव्या वाहिन्यांत नोंदच झालेली नसते, आणि जे नोंदलंच गेलं नाही ते कुठलाही स्लायडर परत आणत नाही. तो फोटो कृष्णधवल करा, छान होतो.

स्क्रीन

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून जुळवलेला असावा. पांढरा बिंदू ६,५०० केल्विन आणि उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर हे आकडे चांगले. खोलीची भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर डोळा तिच्याशी जुळवून घेतो, म्हणून रंगाचं काम करताना मागचा प्रकाश साधा आणि मंद ठेवा. लॅपटॉपचा नाइट मोड बंद आहे ना, हे रोज पाहा. इतकं पुरे.

आधी पूर्ण फोटो, मग एकेक रंग

क्रम महत्त्वाचा आहे. प्रोफाइल, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट हे आधी पक्कं करा. लाइटरूममधली रंग बदलायची साधनं, कलर मिक्सर असो की पॉइंट कलर, रंग ओळखतात ते व्हाइट बॅलन्स लागल्यानंतरचे. मागाहून व्हाइट बॅलन्स हलवला की आधी निवडलेला 'नारंगी' दुसऱ्याच जागी सरकतो आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

ग्रे कार्डची फ्रेम असेल तर तिथला व्हाइट बॅलन्स उचलून बाकीच्या फोटोंना लावा. नसेल तर गजऱ्यातली मोगऱ्याची पाकळी कामाला येते, पण सावलीतली किंवा देठाजवळची नको. डोळ्यातल्या पांढऱ्या भागावर ड्रॉपर (रंग उचलायचं साधन) टेकवू नका. तो भाग मुळात पूर्ण रंगहीन नसतो, आणि मांडवाचं प्रतिबिंब त्यात पडलेलं असतं. हळदीच्या फोटोतली ऊब पूर्ण काढून टाकायची नाही हेही ध्यानात ठेवा. ग्रे कार्डने दिलेल्या आकड्यापेक्षा दोनतीनशे केल्विन उबदार ठेवलेला फोटो त्या दिवसाच्या जास्त जवळ जातो.

त्वचा आकड्यांत वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. डोळा फसतो, कारण तो प्रत्येक रंग शेजारच्या रंगाशी तोलून पाहतो. म्हणून फोटोशॉपची इन्फो खिडकी उघडा आणि चेहऱ्यावर चार ठिकाणी कर्सर नेऊन आकडे बघा. लाइटरूम क्लासिकमध्ये हेच आकडे टक्क्यांत दिसतात.

गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, कुठलीही त्वचा साध्या प्रकाशात घेतली तर लाल सर्वांत जास्त, हिरवा मधला, निळा सर्वांत कमी हा क्रम टिकतो. त्वचेची उजळता बदलते, गडदपणा बदलतो, पण ह्यू म्हणजे रंगचक्रावर अंशांत मोजलेली रंगाची दिशा फार फिरत नाही. ती लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात राहते.

नमुन्यादाखल काही आकडे घेऊ. गव्हाळ गालाचा स्वच्छ भाग लाल १९०, हिरवा १४०, निळा ११० असा असेल तर त्याचा ह्यू साधारण २२ अंश आणि सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) ४२ टक्के येतं. त्याच चेहऱ्यावर मांडवाचं पिवळं पडलेला कपाळाचा भाग २००, १५५, ९५ असेल तर ह्यू ३४ अंश आणि सॅच्युरेशन ५२ टक्के. खुद्द हळद २१५, १६५, ६० म्हणजे ४१ अंश आणि ७२ टक्के. साडीचा जरीचा काठ २००, १६०, ९० म्हणजे ३८ अंश, ५५ टक्के. मेंदी १३०, ६५, ४० म्हणजे १७ अंश, पण खूप गडद. तुमच्या फोटोत आकडे वेगळे येतील, त्यांचा आपसातला क्रम मात्र बहुधा असाच दिसेल.

आता यातून काय निघतं ते पाहा. आपल्याला सुधारायचंय ते ३४ अंशांवरचं कपाळ, आणि न्यायचंय २४-२५ अंशांपर्यंत. पण जरीचा काठ त्याच्यापासून अवघ्या चार अंशांवर बसला आहे, सॅच्युरेशनही जवळजवळ तेच. म्हणजे निव्वळ रंगावरून कपाळ आणि जरीचा काठ वेगळे होणारच नाहीत, तिथे जागा दाखवणारा मास्क लागणार. हळद मात्र सॅच्युरेशनमध्ये बरीच वर आहे, तिला रंगावरूनच बाजूला ठेवता येईल. मेंदीचा ह्यू त्वचेच्या जवळचाच आहे, फरक मुख्यतः गडदपणाचा. म्हणून हातांवर ऑरेंज कमी केला की मेंदीचा लाल रंग आधी मरतो. कुठलं हत्यार उचलायचं हे स्लायडर ओढण्याआधीच या आकड्यांवरून ठरतं.

कलर मिक्सर: ढोबळ काम इथेच

लाइटरूमच्या कलर मिक्सरमध्ये आठ रंग आहेत: रेड, ऑरेंज, यलो, ग्रीन, अॅक्वा, ब्लू, पर्पल, मॅजेंटा. त्वचा मुख्यतः ऑरेंजमध्ये, थोडी रेडमध्ये आणि थोडी यलोमध्ये येते. या रंगांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतात. कुठला स्लायडर कुठे लागतो हे कळत नसेल तर त्या रंगाचं सॅच्युरेशन उणे १०० वर नेऊन बघा. जे भाग राखाडी होतील ते त्याच्या ताब्यातले. पाहून झालं की परत शून्यावर आणा. हा खेळ एकदा प्रत्येक रंगावर करून पाहिला की बराच अंधार दूर होतो.

हळदीच्या फोटोत इथे मी जास्तीत जास्त इतकं करतो: यलोचा ह्यू उणे ८ ते १२, म्हणजे पिवळ्याला जरा नारंगीकडे नेणं, आणि ग्रीनचं सॅच्युरेशन उणे १५च्या आसपास, मागची झाडं किंवा हिरवळ शांत व्हावी म्हणून. चुडा हिरवा आहे हे विसरू नका. तो फिका पडतोय असं वाटलं तर ग्रीन सोडून द्या आणि पार्श्वभूमी मास्कने सांभाळा. ऑरेंजला मी इथे हात लावत नाही. त्यात चेहरा, मेंदी, झेंडू, लाकडी पाट सगळंच आहे.

पॉइंट कलर: अंशांचं काम

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये लाइटरूममध्ये पॉइंट कलर आला आणि त्वचेचं काम खूपच नेमकं झालं. ड्रॉपर घ्या, कपाळाच्या पिवळ्या पडलेल्या भागावर टेकवा. चौकटीत तो रंग जमा होतो. असे आठ रंग ठेवता येतात. त्याखाली रेंज आहे, म्हणजे त्या रंगाच्या आसपासचे किती रंग धरायचे ते. ती सुरुवातीला ५० असते, ती २५-३०पर्यंत आणा आणि व्हिज्युअलाइज रेंज चालू करून बघा. निवडलेल्या भागाचा रंग राहतो, बाकी फोटो राखाडी होतो. गालावरची हळद अजूनही रंगीत दिसत असेल तर रेंजच्या आतल्या तपशिलात जाऊन सॅच्युरेशनची वरची मर्यादा खाली ओढा. हळद राखाडी झाली आणि कपाळ रंगीत राहिलं की निवड जमली.

मग ह्यू हळूहळू लालाच्या दिशेने सरकवा आणि सॅच्युरेशन थोडं कमी करा. प्रत्येक बदलानंतर कपाळाचे आकडे आणि स्वच्छ गालाचे आकडे शेजारी ठेवून पाहा. कपाळाला गालापर्यंत पूर्ण आणू नका, दोनचार अंशांचा फरक राहू द्या. खऱ्या चेहऱ्यावर कपाळ, गाल आणि हनुवटी कधीच एका रंगाची नसतात. गालात रक्त जास्त असतं, डोळ्यांभोवती त्वचा पातळ आणि काळसर असते. हे सगळं एका रंगात आणलं की चेहऱ्यावर फाउंडेशनचा थर बसल्यासारखा दिसतो. नव्या आवृत्त्यांमध्ये पॉइंट कलरमध्ये व्हेरिअन्स नावाचा स्लायडर आहे, तो उणे केला की निवडलेले रंग एकसारखे होत जातात. तो उपयोगी आहे, पण याच कारणासाठी जपून वापरा.

मास्क: रंग तोच, जागा वेगळी

जरीचा काठ आणि कपाळ रंगावरून सुटत नाहीत, म्हणून पॉइंट कलरचं हेच काम मास्कच्या आत करायचं. मास्किंगमध्ये पीपल निवडलं की लाइटरूम माणसं ओळखतं आणि चेहऱ्याची त्वचा, अंगाची त्वचा, डोळे, ओठ, दात, केस अशी यादी देतं. फेस स्किन आणि बॉडी स्किनचे दोन वेगळे मास्क करा, एक नको. चेहऱ्यावर वरून पिवळं येतंय, हातांवर मेंदी आहे आणि मानेवर साडीचं प्रतिबिंब आहे. तिघांना तीन उपाय लागतात.

मास्क झाला की त्याचं लाल आवरण चालू करून मुंडावळ्या आणि नथ तपासा. मोत्यांच्या सरी कपाळावरून गालांवर उतरतात, आणि सॉफ्टवेअर त्यांना अनेकदा त्वचेतच धरतं. मग त्वचेचं पिवळं कमी करताना नथीचं सोनंही फिकं दिसू लागतं. सबट्रॅक्ट निवडून बारीक ब्रशने नथ आणि मुंडावळ्या बाहेर काढा. एका फोटोला दोन मिनिटं जातात, पण अल्बमच्या मोठ्या पानावर नथ पहिल्यांदा बघितली जाते.

हळदही वगळायची असेल तर इंटरसेक्ट वापरा. फेस स्किनच्या मास्कवर 'इंटरसेक्ट मास्क विथ' निवडून कलर रेंज घ्या आणि पिवळ्या कपाळावर छोटा चौकोन ओढा. आता मास्कमध्ये फक्त तेवढाच भाग उरतो जो चेहऱ्यावरही आहे आणि त्या रंगाचाही आहे. माझ्या अनुभवात हळदीच्या फोटोला सर्वांत जास्त उपयोगी पडणारी ही एक गोष्ट.

हिरवा चुडा आणि हनुवटीखालचं मळकट

नवरीने हात गालाशी नेला, की चुड्याचा हिरवा रंग जबड्याच्या कडेला पडतो. मोरपंखी किंवा हिरवी साडी असेल तर तो हनुवटीखाली पसरतो. तिथे ग्रीनचा स्लायडर ओढून काहीच होत नाही, आणि नवीन माणूस गोंधळतो. कारण उघड आहे. नारंगी त्वचेवर हिरवा प्रकाश पडला की जे दिसतं ते हिरवं नसतं, ते मळकट पिवळं असतं. आकडे पाहिले तर लाल आणि हिरवा जवळ आलेले दिसतील आणि सॅच्युरेशन उतरलेलं दिसेल.

इथे मऊ कडांचा ब्रश घ्या, फ्लो (एका फटक्यात लागणारं प्रमाण) ३०च्या आसपास ठेवा, आणि तेवढ्याच भागावर टिंट (हिरवा-मॅजेंटा स्लायडर) मॅजेंटाकडे ८ ते १५ नेऊन टेंपरेचर किंचित वाढवा. त्वचा परत जागेवर आली की सॅच्युरेशन पाचेक अंकांनी वर. सावली उजळू नका. हनुवटीखालची सावली गेली तर चेहरा मानेवर चिकटवल्यासारखा वाटतो.

फोटोशॉपचा सिलेक्टिव्ह कलर

छापायच्या मोठ्या फोटोंसाठी मी अजूनही याच अॅडजस्टमेंट लेयरकडे (मूळ फोटोवर ठेवलेल्या बदलाच्या थराकडे) जातो. यात नऊ विभाग आहेत: रेड्स, यलोज, ग्रीन्स, सायन्स, ब्लूज, मॅजेंटाज आणि मग व्हाइट्स, न्यूट्रल्स, ब्लॅक्स. प्रत्येकात चार शाया, सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक, कमीजास्त करता येतात.

त्वचेवर रेड्सही लागतो आणि यलोजही लागतो. किती लागतो हे पिक्सेलच्या आकड्यांवर ठरतं. लाल रंगाकडे झुकलेल्या पिक्सेलमध्ये सर्वांत मोठ्या आणि मधल्या आकड्यातला फरक म्हणजे रेड्सची पकड, आणि मधल्या व सर्वांत लहान आकड्यातला फरक म्हणजे यलोजची पकड. मघाचे आकडे घ्या. स्वच्छ गालावर रेड्स ५०, यलोज ३०. पिवळ्या कपाळावर ४५ आणि ६०. हळदीवर ५० आणि १०५. जरीवर ४० आणि ७०. म्हणजे यलोजमध्ये केलेला बदल स्वच्छ गालाला सर्वांत कमी हलवतो, कपाळाला दुप्पट हलवतो, आणि हळदीला साडेतीन पट. पिवळा उतरवायला यलोज योग्य जागा का, आणि तरीही हळद व जरीचे काठ मास्कमधून काळ्या ब्रशने वगळावे का लागतात, या दोन्हींचं उत्तर यात आहे.

सुरुवात अशी करा: यलोजमध्ये यलो उणे १२, मॅजेंटा अधिक ४. यलो शाई कमी केली की निळा वाढतो, मॅजेंटा घातला की हिरवा उतरतो, आणि रंग लालाकडे सरकतो. चेहरा उन्हाने किंवा रडून लालबुंद झाला असेल, पाठवणीच्या फोटोंत तो असतोच, तर रेड्समध्ये सायन अधिक ५ ते १०. पद्धत रिलेटिव्ह ठेवा. रिलेटिव्हमध्ये ५० टक्के मॅजेंटावर १० वाढवले की ते ५५ होतात, अॅब्सोल्यूटमध्ये सरळ ६०. चेहऱ्यावर अॅब्सोल्यूटची गरज मला क्वचितच भासते. लेयरचा ब्लेंड मोड कलर करा, म्हणजे रंग बदलतो पण उजेड-सावली जशीच्या तशी राहते. शेवटी लेयरची ओपॅसिटी (थराचा प्रभाव) शून्यावर नेऊन हळूहळू वर आणा, आणि जिथे 'आता बरं दिसतंय' असं वाटेल तिथे थांबा. ती जागा बहुधा १००च्या बरीच अलीकडे असते.

'जरा उजळ करा ना'

ही मागणी येणार, घरच्यांकडून नाही तर सासरकडून. आणि ऑरेंजचं ल्युमिनन्स (उजळपणा) अधिक ३० करून ती दोन सेकंदांत पुरी करता येते, म्हणून बहुतेक जण करतात. मी करत नाही आणि तुम्हीही करू नका असं कळकळीने सांगतो.

एक कारण तांत्रिक आहे. ऑरेंजचं ल्युमिनन्स जिथे नारंगीपणा जास्त तिथे जास्त लागतं. नाकाच्या शेंड्यावरची, गालाच्या हाडावरची चमक मुळात रंगाने फिकी असते, ती फारशी वाढत नाही. तिच्या भोवतीची रंगीत त्वचा मात्र उचलली जाते. दोघांतला फरक कमी झाला की चेहऱ्याची घडण सपाट होते आणि त्वचा पिठूळ दिसते.

दुसरं कारण त्या मुलीचं आहे. सावळी नवरी त्या दिवशी जशी होती तशी अल्बममध्ये दिसली पाहिजे, हा तिचा हक्क आहे. फिल्मच्या काळात लॅबमधले रंग जुळवायला शर्ली कार्ड वापरत. त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे, आणि सगळी यंत्रणा तिच्या त्वचेवर बेतलेली राहिली. आजही विकत मिळणारे कितीतरी प्रीसेट (तयार सेटिंगचे संच) युरोपीय त्वचेवर तयार झालेले असतात. त्यातला ऑरेंज आपल्या त्वचेवर लावला की ती एकतर राखाडी होते नाहीतर गुलाबी. प्रीसेट लावलाच तर रेड, ऑरेंज, यलो हे तीन आधी शून्यावर आणा.

चेहरा खरोखरच अंधारात असेल तर त्याला प्रकाश द्या, रंग बदलू नका. फेस स्किन मास्कमध्ये एक्स्पोजर अधिक ०.२५ ते ०.४०, हायलाइट्स जसेच्या तसे. सावळी त्वचा अशी उजेडात आली की तिची खरी चमक दिसते, आणि 'उजळ करा' म्हणणारी माणसंही तो फोटो पाहून गप्प होतात.

पैठणी

लग्नाच्या दिवशीच्या फोटोंत वेगळा प्रश्न येतो. अनेक पैठण्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे घडी हलली की साडी दोन रंगांत झळकते. त्या धूपछाव झळाळीचे फोटोत दोन वेगळे ह्यू होतात. 'साडी जरा जांभळी आलीय' म्हणून पर्पलचा ह्यू ओढला तर एक धागा सरकतो, दुसरा जागेवर राहतो, आणि कापड डागाळल्यासारखं दिसतं. पॉइंट कलरमध्ये दोन्ही रंगांचे वेगळे नमुने घ्या आणि दोघांना एकाच दिशेने थोडंथोडं हलवा. राणी रंगात लाल वाहिनी कमाल आकड्याला जाऊन फाटलेली (तपशील गमावलेली) असते, तिथे सॅच्युरेशन उणे १० केलं की विणीचे मोर पुन्हा दिसू लागतात. गडद साड्यांचं ल्युमिनन्स फार वाढवलं की रंगीत नॉइज (बारीक ठिपके) वर येतो, तेव्हा १०० टक्के झूमवर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि शक्य असेल तर साडीचा एक फोटो सावलीतल्या मोकळ्या प्रकाशात वेगळा काढून ठेवा. खरा रंग कोणता, या वादाचा निकाल तोच लावतो.

डोळे, दात आणि ओठांचं थोडक्यात. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचं आणि दातांचं सॅच्युरेशन उणे १५-२०, एक्स्पोजर शून्य. ओठांना मास्क करून रेडचा ह्यू तपासा, कारण कुंकवासाठी केलेला कुठलाही बदल ओठांवर उतरतो.

पार्श्वभूमी आवरा

चेहरा उठून दिसावा असं वाटलं की सगळे चेहऱ्यावरच काम करत बसतात. सब्जेक्ट निवडून मास्क उलटा करा आणि मागच्या झेंडूच्या माळांचं सॅच्युरेशन उणे २०, एक्स्पोजर उणे ०.३० करून बघा. माळा नारंगी, त्वचाही नारंगी. मागचा नारंगी खाली बसला की पुढचा आपोआप वर येतो, आणि चेहऱ्याच्या एकाही पिक्सेलला हात लागलेला नसतो. कडांना, विशेषतः मोकळ्या केसांपाशी, रंगाची किनार उरली का ते पाहा. उरली असेल तर मास्कमधून त्या कडा मऊ ब्रशने कमी करा.

पूर्ण फोटो कृष्णधवल आणि फक्त कुंकू लाल, हा प्रकार मला बहुतेक वेळा नको वाटतो. नजर कुंकवावर थांबते आणि डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. कुटुंबाने मागितलाच तर रंगावरून निवड करू नका, ओठ आणि साडीचे काठही लाल राहतात. फोटोशॉपमध्ये वर ब्लॅक अँड व्हाइट लेयर घ्या आणि मास्कमध्ये फक्त कुंकू रंगवून उघडा, तेही ७०-८० टक्केच.

फुकट साधनं आणि मोबाइल

डार्कटेबलमध्ये जवळपास प्रत्येक मॉड्यूलला पॅरामेट्रिक मास्क लावता येतो. ह्यू, रंगाची तीव्रता आणि उजेड, तिन्हींची मर्यादा घालता येते, वर हाताने काढलेला आकारही जोडता येतो. वर सांगितलेलं इंटरसेक्ट तिथे पूर्ण जमतं. २०२४च्या ४.८ आवृत्तीत कलर इक्वलायझरही आलं आहे. गिंपच्या ह्यू-सॅच्युरेशनमध्ये सहाच रंग आहेत, ऑरेंज नाही. तिथे त्वचेसाठी रेड आणि यलो दोन्ही थोडे हलवायचे आणि ओव्हरलॅप वाढवायचा, नाहीतर गालावर रंगाची रेघ दिसते.

मोबाइलवर लाइटरूममधला कलर मिक्स पैसे न भरता वापरता येतो आणि पिवळा आवरायला तो पुरेसा आहे. स्नॅपसीडचं सिलेक्टिव्ह बोटाने ठेवलेल्या बिंदूभोवती उजेड, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन बदलतं, ह्यू नाही. पिवळ्या कपाळावर बिंदू ठेवून सॅच्युरेशन उणे १५ करणं इतकं त्यात होतं. फोनची स्क्रीन व्हिव्हिड मोडवर असेल तर ती आधी नॅचरलवर आणा.

पूर्ण संच आणि छपाई

एक फोटो जमला की तेच सेटिंग सगळ्यांना लावायचा मोह होतो. फोटो प्रकाशाप्रमाणे वेगळे करा: मांडवाखालचे, अंगणातले, घरातल्या ट्यूबलाइटखालचे. प्रत्येक गटातला एक फोटो पूर्ण करा आणि त्याच गटाला सिंक करा. माणसं ओळखणारे मास्क प्रत्येक फोटोसाठी नव्याने मोजले जातात, पण ब्रशने वगळलेली नथ मात्र जुन्याच जागी राहते. जवळून घेतलेल्या फोटोंत ती पुन्हा तपासा. हळदीच्या आधीचा एक स्वच्छ चेहऱ्याचा फोटो बाजूला उघडा ठेवा. तासभर पिवळ्याकडे बघून डोळा थकतो, तेव्हा हा फोटो रस्ता दाखवतो.

व्हॉट्सअॅपवर किंवा वेबसाइटवर जाणारे फोटो एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनवर चालणाऱ्या रंगप्रणालीत) द्या. अल्बमसाठी लॅबकडे त्यांच्या प्रिंटरचं आणि कागदाचं प्रोफाइल मागा आणि लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग (छपाई कशी दिसेल याची स्क्रीनवरची झलक) चालू करून पाहा. हळदीचा झगझगीत पिवळा आणि राणी रंग कागदाच्या आवाक्याबाहेर जाताना दिसतील. तेवढ्याच रंगांचं सॅच्युरेशन पॉइंट कलरने खाली आणा, त्वचेला धक्का न लावता. मग पूर्ण अल्बम छापण्याआधी दोन फोटोंची चाचणी प्रत मागवा, एक मांडवाखालचा आणि एक सावळ्या चेहऱ्याचा जवळून घेतलेला, आणि ती ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसा खिडकीशी धरून पाहा. छपाई सगळीच एका रंगाकडे झुकलेली असेल तर केलेलं काम उकलू नका. फोटोंची छपाईसाठी वेगळी प्रत करा आणि पूर्ण फोटोवर एकच छोटी दुरुस्ती लावून तीच प्रत लॅबला पाठवा.